अजगराच्या पिलाची ऊब

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत भाताच्या आवणीची धांदल चालू असते, त्याच सुमारास अजगराची पिले अंड्यांतून बाहेर पडतात. पिलू जेमतेम दीड-दोन फूट लांब. पिवळसर अंगावर तपकिरी पट्ट्यांची ओबडधोबड नक्षी. विष नाही, विषदंतही नाहीत. पावसाळी सहलीस आलेल्या शहरी कुटुंबातील मुलांस ते उचलून घरी न्यावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु हा मोह आवरावयास हवा, आणि त्यास दोन कारणे आहेत.

पहिले कारण जिवाचे. घोणस हा अतिविषारी साप अजगराचे पिलू समजून हाताळला जातो आणि त्यापायी माणसे दगावतात. उलट, अजगराचे निरुपद्रवी पिलू घोणस म्हणून ठेचले जाते. घोणशीच्या अंगावरील गोल ठिपके साखळीसारखे ओळीने असतात, तर अजगराचे पट्टे वेडेवाकडे व एकमेकांत मिसळलेले. मात्र ही परीक्षा बांधावर, पावसात, हातभर अंतरावरून करावयाची नव्हे. दुसरे कारण कायद्याचे. भारतीय अजगर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यास पकडणे वा घरी बाळगणे हा गुन्हा असून त्याबद्दल तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तेव्हा पिलू दिसल्यास दूर उभे राहून वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे, हेच उचित होय.

मग हौशी लोक पाळतात ते काय? ते बहुधा बॉल पायथन नावाचे, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहानखुरे अजगर असते. तेही बाजारातून पिशवीत घालून आणावयाची वस्तू नाही. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. ज्याच्याजवळ नोंदणीचे कागद नाहीत, त्याच्याकडून प्राणी घेऊ नये. शिवाय हा प्राणी वीस-तीस वर्षे जगतो. हौस तितकी टिकेल काय, हे आधी घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे.

आता मुख्य गोष्ट उबेची. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही, बाहेरून घेतो. यास एक विलक्षण अपवाद आहे, आणि तो आपल्याच अजगराच्या मादीचा. अंड्यांभोवती वेटोळे घालून ती स्नायूंचे आचके देत राहते व त्या श्रमाने अंडी उबवते. भारतात राहून गेलेल्या लामार-पिको नामक फ्रेंच प्रवाशाने १८३० च्या दशकात पॅरिसच्या पंडितांस हे सांगितले, तेव्हा त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे १८४१ साली तेथील प्राणिसंग्रहालयातच एक मादी अंड्यांवर बसली आणि वालांसिएन यांनी उष्णतामापक लावून ते खरे ठरविले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखविले, की हवा जसजशी गार होते तसतसे मादीचे आचके वाढतात, आणि तिचे अंग हवेहून जवळजवळ पाच अंशांनी अधिक उबदार राहू शकते.

पिलास मात्र ही सोय नाही. त्याच्यापाशी एकच उपाय आहे: जागा बदलणे. राजस्थानात भरतपूरच्या अरण्यात अजगर हिवाळ्यात साळिंदरांच्या बिळांत राहतात, ऊन तापले की तोंडाशी येऊन पडतात आणि पुरेसे तापले की आत सरकतात. पाळलेल्या पिलाचे घर म्हणजे या बिळाचीच नक्कल होय. नवशिक्या पेटी सर्वत्र सारखीच गरम करतो आणि तेथेच चुकतो. पेटीचे एक टोक उबदार व दुसरे गार हवे.

बॉल पायथनच्या पिलासाठी उबदार टोकास ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व गार टोकास २५ ते २७ अंश ठेवावे. रात्रीही २४ च्या खाली जाऊ देऊ नये. लहान पिलास प्रचंड काचपेटी नको. झाकण घट्ट बसणारी, हवेस छिद्रे असलेली प्लॅस्टिकची पेटी पुरते, आणि तीत ओलावाही टिकतो. तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा. दोन्ही टोकांस एकेक लपण्याची जागा असावी, तीही अंगास चिकटेल इतकी अरुंद. एकच ठेवल्यास भित्रे पिलू ऊब सोडील, पण आडोसा सोडणार नाही. पाण्याचे जड भांडे गार बाजूस असावे.

हीट मॅट म्हणून मिळणारी विजेची चटई पेटीखाली एक-तृतीयांश भागापुरतीच घालावी आणि ती थर्मोस्टॅटखेरीज कधीही लावू नये. साप तापलेल्या पृष्ठावर पोट भाजेपर्यंत पडून राहतो. चटका बसताच तो उठून जाईल, ही समजूत चुकीची आहे. उघडा दिवा पेटीत ठेवणे तर त्याहून वाईट. उष्णतामापक दोन हवेत, प्रत्येक टोकास एक.

मुंबईच्या सदनिकेत संकट थंडीचे कमी आणि वातानुकूलनाचे अधिक. २२ अंशांवर ठेवलेली झोपण्याची खोली माणसास सुखाची, पिलास घातक. मे महिन्यात उलट प्रकार होतो. बंद खोलीत पारा ३५ च्या पलीकडे गेला तर पिलास पळावयास गार टोकच उरत नाही; तेव्हा चटई बंद करून पेटी सावलीत, हवेशीर जागी न्यावी. वीज गेली असता पेटीवर ब्लँकेट घालावे व फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूस टेकवावी.

ऊब कमी पडल्याची पहिली खूण बहुधा खाण्यात दिसते. गिळलेला उंदीर पचत नाही, पोटात कुजतो आणि काही दिवसांनी उलटून पडतो. तसे झाल्यास लगेच दुसरे भक्ष्य देऊ नये. आधी उष्णतामापक तपासावा, आणि पिलू तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा नाकातोंडाशी फेस दिसत असेल, तर सर्पांची माहिती असणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे.