कॉलेजचं नाव आणि पगाराचा आकडा

गैरसमज : कॉलेज जितकं नावाजलेलं, तितका पुढे पगार मोठा.

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी कर्ज याच भरवशावर काढलं जातं. पण तिथल्या बड्या कॉलेजांत मुळात हुशार, जिद्दी मुलंच जातात. मग पुढची कमाई कॉलेजची की त्यांची? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली हा गुंता सोडवला. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेली, ज्यांना होकार-नकार साधारण सारखेच आले होते अशी मुलं त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. काही बड्या कॉलेजात गेली होती, काही त्याहून साध्या. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. गंमत म्हणजे मुलाने अर्ज कुठे-कुठे केला होता, यावरूनच कमाईचा अंदाज येत होता. तिथून नकार आला असला तरी! दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गलाही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फिल्म स्कूलने घेतलं नव्हतं. तो लाँग बीचच्या सरकारी कॉलेजात गेला.

गैरसमज : म्हणजे कॉलेज कुठलंही चालेल.

हेही नाही. त्याच अभ्यासात गरीब घरच्या मुलांना बड्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांनाही. ज्याच्या घरी वकील-डॉक्टरांची ऊठबस असते, त्याला कॉलेज नव्या ओळखी त्या काय देणार?

गैरसमज : चांगली संगत आपोआप लागते.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे डार्टमथ कॉलेजात खरंच तपासलं गेलंय. तिथे खोलीतला जोडीदार नशिबाने मिळायचा. अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांना २००१ मध्ये दिसलं, की जोडीदाराचा परिणाम गुणांवर होतो, विद्यार्थ्यांच्या कुठल्या मंडळात शिरायचं यावरही होतो. पण मुख्य विषय मुलं आपला आपणच निवडतात.

आणि अगदी वरच्या मजल्यावर संगतीलाही जात असते. चिलीतल्या नामांकित अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाला, की बड्या कंपन्यांत उच्चपदं मिळण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढतं, असं अर्थतज्ज्ञ सेथ झिमरमन यांनी २०१९ मध्ये दाखवलं. पण तो सगळा लाभ महागड्या खाजगी शाळांतून आलेल्या मुलग्यांचा होता. प्रवेशपरीक्षेत तेवढेच गुण मिळवून शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलींच्या वाट्याला, साध्या शाळेतल्या मुलांच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही.