नवा गेम, जुने मित्र

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेल्या डब्यात कॅसेट खुपसून ‘कॉन्ट्रा’ खेळलेली, पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’चे डाव रंगवलेली पिढी आता चाळिशीच्या आसपास आली आहे. कोणी पुण्यातच राहिलं, कोणी लंडनला गेलं, कोणी न्यू जर्सीला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा नेमाने पडतात, पण बोलणं होत नाही. या मंडळींना पुन्हा एकत्र आणायचं असेल, तर नव्या गेमइतकं चांगलं निमित्त मला तरी दुसरं सापडलेलं नाही. एकट्याने खेळायचा गेम ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं मोलही वेगळं आहे. दोन्हींची गल्लत झाली की दोन्हींची मजा जाते. कोणता गेम कोणासोबत आणि कसा खेळावा, याची ही माहिती.

एकट्याचा गेम

‘क्लेअर ऑब्सक्युअर: एक्स्पिडिशन 33’ हा फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या नवख्या स्टुडिओचा गेम एप्रिल 2025 मध्ये आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. त्यातल्या जगात दरवर्षी एक चित्रकर्ती दूरच्या स्तंभावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं नाहीशी होतात. आकडा दरवर्षी एकाने कमी होतो. गेमच्या अगदी सुरुवातीला तुम्ही या निरोपाच्या दिवशी गावातून चालत जाता. ज्यांची वेळ आली आहे त्यांनी फुलांच्या माळा घातलेल्या असतात, लोक एकमेकांना भेटत असतात, कोणी घरातलं सामान वाटून टाकत असतं. शेवटी ती माणसं पाकळ्या होऊन वाऱ्यावर विरून जातात.

हा प्रसंग ज्याने मित्रांच्या गोंगाटात पाहिला, त्याच्या हातून तो निसटला. कथेचा गेम कादंबरीसारखाच एकट्याने, आपल्या चालीने पुढे न्यायचा असतो. कुठे थांबायचं, कोणाशी बोलायचं, कोणता कोपरा धुंडाळायचा हे आपल्या मनावर. मागे कोणी ‘चल रे, पुढे चल’ म्हणत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हाही असाच एकट्याचा गेम. धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी, राजस्थानी वळणाचे महाल आणि आपल्या पुराणांतली पात्रं. गेम छोटा आहे, दोनतीन बैठकांत संपतो. आपल्या शहरातल्या लोकांनी बांधलेलं जग जगभरचे खेळाडू खेळले याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून त्याचं नाव मुद्दाम घेतो.

एकट्याच्या गेमचा आणखी एक गुण घरसंसार असलेल्यांना लगेच पटेल: तो बहुधा थांबवता येतो. कुकरची शिट्टी झाली, मूल उठलं, बेल वाजली, की पॉज. निन्टेंडो स्विच किंवा स्टीम डेकसारखं हातातलं यंत्र तर नुसतं झोपवून ठेवता येतं आणि रात्री तिथूनच पुढे खेळता येतं. ऑनलाइन डावात ही सोय नाही. आपण उठलो की तिघे खोळंबतात.

मित्रांसोबतचा गेम

इथे सगळी रचनाच वेगळी असते. चांगल्या सहकाराच्या गेममध्ये एकाकडे जे असतं ते दुसऱ्याकडे नसतं. स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओचा ‘इट टेक्स टू’ (2021) एकट्याने खेळताच येत नाही, तसा पर्यायच ठेवलेला नाही. सुरुवातीच्या एका भागात एका खेळाडूकडे खिळे असतात आणि दुसऱ्याकडे हातोडी. पहिल्याने भिंतीत खिळा मारायचा, दुसऱ्याने त्याला हातोडी अडकवून झोका घेत पलीकडे जायचं. खिळा चुकीच्या जागी बसला तर दोघंही अडकतात, आणि मग बोलण्याशिवाय गत्यंतर नसतं. थोडा पुढे गेलात की हत्यारं बदलतात आणि पुन्हा नव्याने जुळवून घ्यावं लागतं. या गेमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. याच स्टुडिओचा ‘स्प्लिट फिक्शन’ मार्च 2025 मध्ये आला, तोही दोघांचाच.

चौघांसाठी आज माझी पहिली शिफारस ‘पीक’. जून 2025 मध्ये आलेला हा स्वस्तातला गेम. विमान कोसळून स्काउट मुलं एका बेटावर अडकली आहेत आणि सुटकेसाठी डोंगराच्या माथ्यावर पोहोचायचं आहे, एवढीच गोष्ट. खाली दमाची एक पट्टी दिसते. चढताना ती संपत जाते, सपाटीवर थांबलात की भरते. पण भूक लागली, मार बसला, थंडी वाजली किंवा पाठीवर ओझं जास्त झालं, की पट्टीचा तेवढा भाग अडून बसतो आणि चढायला उरलेलाच दम वापरावा लागतो. कड्यावर आधी पोहोचलेला मित्र खाली वाकून हात देऊ शकतो. बेशुद्ध पडलेल्याला पाठीवर घेऊन चढता येतं, मात्र नेणाऱ्याचा दम त्या ओझ्याने घटतो.

आवाज अंतरानुसार ऐकू येतो, ही यातली सगळ्यात मोठी गंमत. शेजारी लटकलेला मित्र स्पष्ट ऐकू येतो, वरचा पुसट. कोणी कोसळला तर त्याची आरोळी खाली खाली विरत जाते आणि वरचे तिघे हसूनहसून बेजार होतात. डोंगर दररोज बदलतो, त्यामुळे कालची वाट पाठ करून आलेला शहाणा आजही सगळ्यांसारखाच चाचपडतो.

जुना सोडून नवाच का?

जुने मित्र भेटले की जुनाच गेम काढायचा मोह होतो. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ तर 2019 मध्ये नव्या रूपात आला आहेच. एक संध्याकाळ तो खेळावाही. पण जुन्या गेमसोबत जुनी उतरंडही परत येते. कॉलेजात जो सगळ्यांना हरवायचा तो आजही हरवतो, जो पहिल्या पाच मिनिटांत बाद व्हायचा तो आजही बघत बसतो. तिसऱ्या आठवड्याला त्याला ‘काम’ निघतं.

नव्या गेममध्ये सगळेच कच्चे असतात. बटणं कोणालाच माहीत नाहीत, नकाशा कोणालाच पाठ नाही. एकाला युक्ती सापडली की तो ओरडून सांगतो, आणि कॉलेजात शेवटच्या बाकावर बसणारा अचानक सगळ्यांचा वाटाड्या होतो. हे मी अनेक ग्रुपमध्ये पाहिलं आहे. म्हणून एक पथ्य पाळावं: मित्रांसोबत ठरलेला गेम एकट्याने आधी खेळून ठेवू नये. एकजण पंधरा तास पुढे गेला की बाकीच्यांचा खेळ संपतो, त्यांच्या वाट्याला फक्त मागे चालणं येतं.

कौशल्यात फरक असणारच. अशा वेळी एकमेकांविरुद्धच्या गेमपेक्षा सगळे मिळून संगणकाविरुद्ध लढतात असे गेम बरे. आपल्या लहानपणी डावात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, तशी जागा ‘हेलडायव्हर्स 2’सारख्या गेममध्येही असते. तिथे चौघांनी मिळून मोहीम पार पाडायची असते, नेम धरता येत नसला तरी रसद बोलावणं, मेलेल्या साथीदाराला परत आणणं ही कामं करता येतात.

पिंग आणि घड्याळ

दूरच्या मित्राशी खेळताना पहिली तक्रार लॅगची, म्हणजे दाबलेलं बटण उशिरा लागू पडण्याची. आपण बटण दाबल्याचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद अटळ. केबल सरळ जात नाही, मध्ये थांबेही असतात, म्हणून प्रत्यक्षात पिंग दोनशेच्या पुढे जातो. महागडं वायफाय घेऊन हा आकडा फार कमी होत नाही, कारण आड येतं ते अंतर.

तेव्हा गेमच त्या बेताने निवडावा. ‘काउंटर-स्ट्राइक 2’ किंवा ‘व्हॅलोरंट’ दोनशे पिंगवर खेळणं म्हणजे रडारड. ‘पीक’ चालून जातो. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये लढाई पाळीपाळीने होते, तिथे पिंग जवळजवळ जाणवतच नाही, चौघांनी मिळून ती लांबलचक कथा खेळता येते.

पिंगपेक्षा घड्याळ जास्त छळतं. लंडन आपल्यापेक्षा साडेचार ते साडेपाच तास मागे, न्यू जर्सी साडेनऊ ते साडेदहा. तिन्ही ठिकाणच्या मित्रांना जमणारी वेळ शोधायची तर शनिवारी रात्री नऊ ही उत्तम: लंडनला दुपारचे साडेतीन किंवा साडेचार, न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा. फक्त भारत आणि अमेरिका असेल तर आपली रविवार सकाळ धरावी, तिकडे शनिवारची रात्र असते. वार आणि वेळ एकदाच ठरवून टाकावी. ‘कधी बसायचं?’ हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने विचारला की ग्रुप महिन्याभरात विरतो.

जग कोणाच्या संगणकावर?

हा मुद्दा लोक विसरतात आणि नंतर हळहळतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ची शेतवाडी असो की ‘व्हॅलहाइम’मधलं बेट, मित्रांनी मिळून उभं केलेलं जग साधारणपणे ज्याने डाव सुरू केला त्याच्याच, म्हणजे यजमानाच्या, संगणकावर साठवलेलं असतं. तो आला नाही तर बाकीच्यांना आत जाता येत नाही. त्यामुळे यजमान असा निवडा की जो सगळ्यात नियमित येतो. सगळ्यात भारी संगणक कोणाचा, हे नंतर बघावं. ‘व्हॅलहाइम’साठी वेगळा सर्व्हर भाड्याने घेता येतो, मग कोणावाचून कोणाचं अडत नाही.

‘पीक’सारख्या गेमला ही अडचण नाही. प्रत्येक डाव स्वतंत्र. आज तिघे, पुढच्या वेळी चौघे, चालतं. संसारी माणसांच्या ग्रुपसाठी मी असेच गेम सुचवेन.

पैशांचा हिशेब

चौघांनी चार प्रती घ्यायच्या म्हटलं की उत्साह मावळतो. काही वाटा आहेत. हेझलाइटच्या गेममध्ये एकाने प्रत घेतली की दुसरा ‘फ्रेंड्स पास’ने फुकट खेळतो. मात्र ‘इट टेक्स टू’मध्ये दोघांकडे एकाच कुळातली यंत्रं असावी लागतात, ‘स्प्लिट फिक्शन’मध्ये एकाकडे प्लेस्टेशन आणि दुसऱ्याकडे पीसी असला तरी जमतं. पीसी गेम विकणाऱ्या स्टीमवर ‘रिमोट प्ले टुगेदर’ ही सोय आहे: एका पडद्यावर दोघांनी खेळायचा गेम एकाने विकत घ्यायचा, आणि त्याच्या संगणकावर चाललेलं चित्र इंटरनेटवरून मित्राला दिसतं, त्याची बटणंही इकडे चालतात. यासाठी यजमानाचा अपलोड वेग चांगला हवा.

गेम आवडला नाही तर स्टीम पैसे परत देतं. अट अशी की खरेदीला चौदा दिवस झालेले नसावेत आणि खेळणं दोन तासांच्या आत असावं. पहिल्याच बैठकीत दोन तासांचा गजर लावून ठेवावा.

एकट्याचा गेम, चौघांची चर्चा

एकट्याचा गेम आणि मित्रांसोबतचा गेम या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे आणि तो मला फार प्रिय आहे. गेम एकट्याचाच, पण सगळ्यांनी एकाच महिन्यात खेळायचा आणि त्यावर बोलायचं. ‘ब्लू प्रिन्स’ (2025) याला उत्तम. पंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यात सेहेचाळिसावी खोली शोधायची, आणि वाड्याची मांडणी रोज बदलते. वही-पेन घेतल्याशिवाय हा गेम सुटत नाही. चार मित्र चार वह्या करतात आणि प्रत्येकाच्या वहीत वेगळीच खूण सापडते. उत्तर सांगायचं नाही, पण ‘जेवणघर नीट पाहिलंस का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

‘एल्डन रिंग’ने (2022) तर खुणांची ही देवाणघेवाण गेमच्या आतच आणून ठेवली. तुम्ही एकटेच फिरत असता, पण जमिनीवर अनोळखी खेळाडूंनी सोडलेले संदेश चमकतात: पुढे सापळा आहे, इथे उडी मार. काही संदेश निव्वळ फसवणारेही असतात. ही कल्पना त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी 2009 च्या ‘डीमन्स सोल्स’पासून रुजवली. बर्फाळ चढावर गाड्या अडकलेल्या असताना मागच्यांनी पुढच्यांना ढकलून वर काढलं आणि मदत करणारे कोण होते हे कधी कळलंच नाही, या अनुभवातून ती सुचल्याचं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे.

सुरुवात कुठून करावी

दोघंच असाल तर ‘स्प्लिट फिक्शन’. तिघे-चौघे असाल आणि कामांमुळे कोणी ना कोणी गळत असेल तर ‘पीक’. चौघंही वर्षभर टिकणारे असतील, तरच ‘बाल्डर्स गेट 3’ला हात घाला, पूर्ण व्हायला शंभर तास सहज लागतात. फोनवरच खेळायचं असेल तर ‘बीजीएमआय’चा चौघांचा स्क्वॉड आहेच, डाव अर्ध्या तासात आटोपतो. आवाजासाठी डिस्कॉर्ड आधीच लावून ठेवा आणि साधा, माइक असलेला हेडफोन वापरा, नाहीतर लाउडस्पीकरचा प्रतिध्वनी सगळ्यांना छळतो. कथेचा एखादा गेम मात्र फक्त स्वतःसाठी बाजूला काढून ठेवा आणि तो मित्रांच्या वेळेवर टांगू नका. ग्रुपवर आजच एक मेसेज टाका: गेमचं नाव, वार आणि वेळ. चौघांपैकी दोघे जरी आले, तरी डाव सुरू करा.