छत्तीसशे फ्रेमचा हिशेब

सोनपेठ हे चहा पिणारं गाव. इथल्या किराणा दुकानात कॉफीच्या पुड्या सुट्या, एक-दोन करून खपतात. त्यामुळे ऐन दिवाळीत एका पोरानं पुड्यांच्या अख्ख्या माळा आणि वर धुण्याचा सोडा मागितला, तेव्हा दुकानदाराला राहवलं नाही. "पाव्हणे आलेत काय मुंबईचे?" पोरगा पुण्यात सिनेमा शिकतो, सुट्टीला घरी आलाय. कॉफी त्याला प्यायची नव्हती, फिल्म धुवायची होती.

हातातल्या मोबाईलवर तासन् तास चित्रण करता येत असताना हा खटाटोप कशासाठी, हाच प्रश्न पाहायला येणाऱ्याला पडतो. घरच्यांनाही पडला आहे. "काय कुटाणा लावलास रे लेकरा?" असं आजी येता-जाता विचारते आणि उत्तराची वाट न बघता निघून जाते.

कुटाण्याचं नाव सुपर एट. कोडॅकनं १९६५ साली हौशी लोकांसाठी हा प्रकार बाजारात आणला. फिल्म आठ मिलिमीटर रुंद आणि प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बंद. कॅमेऱ्याचं दार उघडायचं, कार्ट्रिज बसवायचं, घोडा दाबायचा. एका कार्ट्रिजमध्ये पन्नास फूट फिल्म आणि फुटाला ७२ फ्रेम, म्हणजे एकूण ३,६००. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगानं ती ३ मिनिटं २० सेकंदांत संपते, २४ च्या वेगानं अडीच मिनिटांत. काकांनी हा आकडा एकदा ऐकला आणि तेव्हापासून सिनेमाचा विषय निघाला की त्यांचं एकच असतं, "किती उरल्या छत्तीसशेतल्या?" परदेशातून येणाऱ्या एका कार्ट्रिजला सोयाबीनच्या क्विंटलाएवढे पैसे पडतात, हा हिशेब पुतण्यानंच त्यांना सांगून ठेवला आहे. बहुधा त्याचा त्याला पस्तावा होत असावा.

कॅमेरा पुण्याच्या जुन्या बाजारातला, सत्तरच्या दशकातला, जपानी. शूटिंग आधीच उरकलं होतं: आजी, अंगण, तुरीचं शेत, आठवडी बाजार. खरं काम अंधारात होतं.

मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या ठोकल्या होत्या. फोटोच्या जुन्या डार्करूममधला लाल दिवा इथं चालत नाही, कारण ही कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशही टिपते. पाणी माठातलं घेतलं, कारण द्रावण वीस अंशांच्या आसपास हवं. लिटरभर पाण्यात ५४ ग्रॅम सोडा, १६ ग्रॅम 'क' जीवनसत्त्वाची पूड आणि ४० ग्रॅम कॉफी. या मिश्रणाला कॅफेनॉल म्हणतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९९५ साली एका वर्गात ते पहिल्यांदा तयार झालं. कॉफीतलं आम्ल सोड्याच्या साथीनं फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांवर काम करतं आणि प्रकाश लागला तिथं चित्र काळं उमटतं.

वास मात्र कॉफीचा येत नाही. पावसात भिजून कुजलेल्या कडब्यासारखा येतो, आणि घरभर पसरतो. फराळाची ताटं त्या दिवशी ओसरीवर हलली.

दार लागलं. आतून पकडीनं कार्ट्रिज फोडल्याचा आवाज आला, मग बादलीत हात ढवळल्याचा. मोबाईलचा उजेड आत चालत नाही, म्हणून वेळ मोजायला चुलत बहीण घड्याळ घेऊन दाराबाहेर बसली. दर मिनिटाला ती कडी वाजवायची. पंधरा वेळा वाजवली. मग पाण्यानं खळबळणं, मग चित्र पक्कं करणारं हायपो, आणि त्यानंतर कुठं दार उघडलं. घामाघूम झालेला पोरगा बादलीतून ओला गुंता वर काढत होता.

बादलीत फिल्म धुतली की ती स्वतःलाच चिकटते. चिकटलेल्या जागी द्रावण पोचत नाही आणि तेवढा भाग कोरा राहतो. प्रायोगिक सिनेमाच्या पंथात अशा डागांना कविता म्हणायची सोय आहे आणि पुष्कळ जण ती वापरतात. या पोरानं नाही वापरली. त्यानं फिल्म दोरीवर चिमट्यांनी टांगली, कोरा भाग वितीनं मोजला आणि वहीत लिहिलं: चार फूट, २८८ फ्रेम, १६ सेकंद. बाजारातून परतणारी बैलगाडी त्यात गेली.

काका म्हणाले, "म्हणजे छत्तीसशेतल्या तीनशे बुडाल्याच की."

बुडणं या कामाला नवं नाही. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ साली मिळालेल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उभं केलं, चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, विशीतल्या नलिनी मालानी यांनी 'ड्रीम हाउसेस' तिथंच केली. पदमसींनी स्वतः १६ एमएमवर रेखाटनांतून 'सिझिजी' केली. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' ही त्यांची दुसरी फिल्म. तिची एकच प्रत होती, ती हरवली. पुढे २०१६ मध्ये अशीम अहलुवालिया यांनी पदमसींनाच सोबत घेऊन त्या हरवण्यावर त्याच नावाची फिल्म केली.

सरकारी पैशातूनही असे प्रयोग घडले आहेत. फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पतींनी १९७२ साली 'आबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरतींना एकेक फ्रेम थांबवून टिपलं. जिवंत माणूस बाहुल्यासारखा सरकताना दिसतो. अलीकडचं उदाहरण पायल कपाडिया यांचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या या माजी विद्यार्थिनीची, दाणेदार कृष्णधवल चित्रणानं भरलेली 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' २०२१ मध्ये कानला सर्वोत्तम माहितीपट ठरली. आणि सगळ्यांच्या आधी फाळके. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करायचं होतं, तेव्हा १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर फ्रेम-फ्रेम करत त्याची वाढ टिपली. पडद्यावर रोप भराभर वर आलं आणि पैसे देणारा पटला.

संध्याकाळी वाळलेल्या फिल्मचा एक तुकडा मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर धरून भिंग लावलं. कॅफेनॉलनं निगेटिव्ह मिळते, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. आजीला बोलावलं. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "केस काळे झाले की माझे!" म्हणाली आणि जावेला हाक मारली. त्यानंतर कुटाणा हा शब्द तिच्या तोंडी आला नाही.

बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे ठिपके फिल्मवर उरले होतेच. पुढच्या वेळी शेवटचं पाणी फिल्टरचं घ्यायचं, असं वहीत नोंदवलं गेलं. पुढची वेळ लांब नाही. या भागातली कुटुंबं ऊसतोडीला जातात, आणि घरामागच्या गल्लीतली टोळी चारच दिवसांनी निघणार होती. भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं असं सगळं ट्रकात चढताना त्याला टिपायचं होतं. कार्ट्रिज एकच शिल्लक होतं.

"तीन मिनिटांत ट्रक भरत असतोय का?" काकांचा सवाल.

पोरानं वही पुढं सरकवली. कॅमेरा माळवदावर बांधून ठेवायचा आणि दर दोन सेकंदांना एकच फ्रेम घ्यायची. ३,६०० फ्रेम म्हणजे बरोबर दोन तास. काकांनी बोटांवर गुणाकार करून पाहिला, जमला. मग त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: दोन तास उन्हात उभं राहून बटण कोण दाबणार, आणि मुकादमाला विचारलंय का. पहिलीचं उत्तर चुलत बहिणीनं दिलं. दुसरीसाठी काका स्वतः चपला घालून निघाले.