एम.ए. समाजशास्त्र कुठून करायचं? कमी खर्चातलं चांगलं विद्यापीठ मोबाईलवरच असं शोधा

बी.ए. झालं की पुढचा प्रश्न तयारच असतो: आता एम.ए. कुठून करायचं? त्यात समाजशास्त्र घ्यायचं ठरवलं असेल तर गोंधळ जास्तच होतो. गुगलवर सर्च केलं की आधी जाहिराती येतात. मग "टॉप १० कॉलेज" अशा याद्या येतात. त्यानंतर एखाद्या एजंटचा कॉल येतो, "फक्त नाव द्या, बाकी आम्ही बघतो." दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे पणाला लागलेले असताना असा निर्णय घेणं बरोबर नाही.

चांगली बातमी ही की, एखादा समाजशास्त्र विभाग खरंच चांगला आहे का, हे तपासायला लागणारी बहुतेक माहिती सरकारी वेबसाइटवर फुकट उपलब्ध आहे. ती कुठे आणि कशी बघायची, ते या लेखात पाहू.

आधी फी नाही, एकूण खर्च काढा

बरेच जण फक्त फीची तुलना करतात आणि इथेच गणित चुकतं. एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

- कॉलेज अ: फी वर्षाला १५,००० रुपये. हॉस्टेल नाही. खोली आणि मेस मिळून महिन्याला ९,००० रुपये. वर्षाचे १० महिने धरले तर दोन वर्षांचा खर्च २,१०,००० रुपये.
- कॉलेज ब: फी वर्षाला ६०,००० रुपये. हॉस्टेल आणि मेस मिळून महिन्याला ३,००० रुपये. दोन वर्षांचा खर्च १,८०,००० रुपये.

बघा, फी चौपट असूनही दुसरं कॉलेज स्वस्त पडलं. म्हणून मोबाईलच्या नोट्समध्ये प्रत्येक कॉलेजसाठी चार ओळी लिहा: फी, राहणं, जेवण, प्रवास. हॉस्टेल आहे का एवढंच विचारू नका. एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ते खरंच मिळतं का, हेही विचारा.

तीन मुख्य रस्ते

१. राज्य विद्यापीठ किंवा अनुदानित कॉलेज

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी हा सगळ्यात जवळचा पर्याय. देशातला पहिला समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातच सुरू झाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख होते. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला आणि पुढे देशभर गेलेले अनेक समाजशास्त्रज्ञ तिथे घडले. आज राज्यातल्या बहुतेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत हा विषय आहे. प्रवेश साधारण जून-जुलैमध्ये होतात आणि बऱ्याच ठिकाणी पेपर मराठीत लिहिता येतात.

२. केंद्रीय विद्यापीठ

जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ ही इथली मोठी नावं. जेएनयूची वर्षाची शिकवणी फी तर काही शे रुपयांत आहे, खरा खर्च मेसचा. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. समाजशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या परीक्षेचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. म्हणजे बी.ए.चा निकाल लागायच्या खूप आधी! निकालानंतर बघू म्हणणाऱ्यांची ही गाडी दरवर्षी चुकते. आत्ताच फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

३. दूरस्थ किंवा ऑनलाइन

नोकरी, शेती किंवा घरची जबाबदारी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूसारखं मुक्त विद्यापीठ बरं पडतं. यूजीसीची मान्यता असेल तर ही पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीचीच धरली जाते. नेट परीक्षाही देता येते.

मात्र पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे 'डेब'च्या वेबसाइटवर त्या विद्यापीठाचं नाव, तोच कोर्स आणि चालू सत्र, तिन्ही तपासा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे त्याच्या प्रत्येक कोर्सला आहेच असं नसतं. आता अशा प्रवेशासाठी डेब आयडी लागतो आणि तो तुमच्या एबीसी आयडीवरून स्वतः काढता येतो. "क्लास नाही, परीक्षा नाही, थेट डिग्री" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

क्वालिटी कशी तपासायची? या ५ गोष्टी बघा

नॅकची ग्रेड आणि एनआयआरएफची रँक बघायला हरकत नाही. पण नॅकची ग्रेड पूर्ण संस्थेची असते आणि एनआयआरएफमध्ये समाजशास्त्राची वेगळी यादीच नाही. ए प्लस प्लस असलेल्या विद्यापीठातही आपल्या विषयाला दोनच शिक्षक असू शकतात. म्हणून थेट विभाग तपासा.

१. कायम शिक्षक किती? विभागाच्या पेजवर शिक्षकांची यादी असते. त्यातले कायम किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर किती, ते विचारा. सीएचबीवरचे शिक्षक उत्तम शिकवतात, पण वर्षाच्या मध्येच बदलले तर तुमच्या प्रोजेक्टला मार्गदर्शक राहत नाही.

२. शोधगंगा उघडा. या सरकारी साइटवर देशभरातले पीएच.डी. प्रबंध फुकट वाचता येतात. विद्यापीठ निवडा, मग समाजशास्त्र विभाग निवडा. गेल्या काही वर्षांत कोणत्या विषयांवर काम झालंय, मार्गदर्शक कोण होते, ते दिसेल. ऊसतोड कामगार, स्थलांतर, जात, शहरातल्या वस्त्या अशा तुमच्या आवडीच्या विषयावर तिथे कुणी काम करतंय का, हे दहा मिनिटांत कळतं. कॉलेजचं नाव सापडलं नाही तर मार्गदर्शकाच्या नावाने शोधा.

३. सिलॅबसची पीडीएफ डाउनलोड करा. शेवटी दिलेल्या पुस्तकांच्या यादीत सगळ्यात नवीन पुस्तक कोणत्या वर्षाचं आहे ते बघा. मार्क्स, वेबर, दुर्खीम असणारच. पण घुर्ये, श्रीनिवास, इरावती कर्वे, फुले-आंबेडकर यांचा विचार आहे का? संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये मुलाखती, सर्व्हे आणि कॉम्प्युटरवर डेटा हाताळणं आहे का? नोकरीच्या वेळी याच गोष्टी कामाला येतात.

४. लायब्ररी आणि जर्नल्स. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेतून २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० ई-जर्नल्स मिळायला लागली. तुम्ही निवडलेली संस्था त्यात आहे का आणि मुलांना लॉगिन मिळतं का, हे नक्की विचारा. साध्या सरकारी विद्यापीठातला मुलगाही यामुळे महागडी जर्नल्स मोबाईलवर वाचू शकतो.

५. एका सीनियरला गाठा. लिंक्डइन किंवा इन्स्टावर शोधा आणि तीनच प्रश्न विचारा: लेक्चर रोज होतात का? फील्डवर्क खरंच होतं की कागदावर? मागच्या बॅचमधले लोक आता काय करतात? "कॉलेज कसं आहे?" असं विचाराल तर "मस्त" एवढंच उत्तर मिळेल.

खर्च कमी करणाऱ्या योजना

- महाडीबीटी: एस.सी., एस.टी., ओबीसी आणि इतर प्रवर्गांच्या शिष्यवृत्ती, तसंच राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना इथेच आहे. तुमचा कोर्स पोर्टलवर दिसतो का, ते प्रवेशाआधी बघा.
- स्वाधार योजना: सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. आदिवासी मुलांसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.
- यूजीसीची राष्ट्रीय पीजी शिष्यवृत्ती: महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. निवड पदवीच्या मार्कांवर होते, ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पहिल्याच वर्षी करायचा असतो. ही फक्त रेग्युलर कोर्ससाठी आहे.

दूरस्थ कोर्स वरवर स्वस्त वाटतो, पण तो घेतला की यातल्या काही मदती हातच्या जातात. तेही गणितात धरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बी.ए.ला समाजशास्त्र नव्हतं, चालेल का?
अनेक ठिकाणी चालतं. इग्नूत कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. बाकी ठिकाणी पात्रतेचा नियम वाचा.

प्राध्यापक व्हायचं असेल तर?
एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट लागते. नेटमध्ये समाजशास्त्राचा कोड ०५ आहे. सोबत जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात.

एम.एस.डब्ल्यू. आणि हे एकच का?
नाही. एम.एस.डब्ल्यू. हा समाजकार्याचा व्यावसायिक कोर्स आहे. एम.ए.मध्ये समाज समजून घेणं आणि संशोधन यावर भर असतो.

पुस्तकं परवडत नाहीत, काय करू?
ई-ज्ञानकोशवर इग्नूची पुस्तकं आणि ई-पीजी पाठशाळेवर समाजशास्त्राचे पाठ फुकट आहेत. प्रवेशाआधी त्यातले दोन-तीन पाठ वाचून बघा. विषय आपल्याला झेपतो आणि आवडतो का, हेही कळेल.

मित्रांनो, आज एकच काम करा. तुमच्या डोक्यात असलेली तीन कॉलेजं नोट्समध्ये लिहा आणि प्रत्येकासमोर दोन वर्षांचा एकूण खर्च, कायम शिक्षक आणि शोधगंगेवरचे अलीकडचे प्रबंध, एवढे तीन आकडे भरा. ही यादी घरी दाखवली की आई-वडिलांशी बोलणंही सोपं जाईल. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी यंदा एम.ए.ला प्रवेश घेत असेल तर त्यांनाही हा लेख पाठवा.