तारकांच्या वाटेवरील दबा

संगणकावरील खेळ म्हणजे केवळ बोटांची चपळाई व वेळेचा अपव्यय, असा पुष्कळ पालकांचा समज आहे. तो सर्वस्वीं खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या खेळांत असाही एक वर्ग आहे कीं, ज्यांत चपळाईपेक्षां धीर, निरीक्षण व हिशेब यांचीच कसोटी अधिक लागते. इंटरनेटच्या द्वारें हजारों माणसें एकाच वेळीं जे अवकाशयात्रेचे खेळ खेळतात, ते या वर्गांतील होत. त्यांत कोणी व्यापार करतो, कोणी खाणी खणतो, कोणी नवे प्रदेश धुंडाळतो, आणि कोणी या तिघांचीही वाट अडवून त्यांस लुटतो. लुटारूच्या दृष्टीस न पडतां मुक्कामीं सुखरूप कसें पोहोंचावें, हा आमच्या लेखाचा विषय आहे. वरच्या इयत्तांतील मुलांस तो रुचेलच. आपला मुलगा पडद्याकडे श्वास रोखून काय पाहत बसतो, याचा पालकांसही थोडाबहुत उलगडा व्हावा.

उदाहरणादाखल 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ घेऊं. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीनें तो ६ मे २००३ रोजीं प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २०१२ सालीं आपल्या संग्रहांत जे चौदा खेळ घेतले, त्यांत याचीही गणना झाली. चीनमधील स्वतंत्र आवृत्ति वगळतां जगांतील सारे खेळाडू येथें एकाच विश्वांत वावरतात, व त्या विश्वांत साडेसात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत.

या खेळाचा कठोरपणा असा कीं, जहाज फुटलें म्हणजे फुटलें. मागील टप्प्यावर परत जाऊन पुन्हा डाव मांडण्याची सोय नाहीं. जहाजाच्या विम्याची कांहीं रक्कम हातीं येते, मालाची येत नाहीं. मालापैकीं कांहीं जळून जातो आणि उरलेला अवशेषांत तरंगत राहून उचलणाराचा होतो. चार महिने खपून जमविलेली पुंजी एका मिनिटांत दुसऱ्याची होते. शिवाय कंपनी 'प्लेक्स' नांवाची एक वस्तु खऱ्या पैशांस विकते व ती खेळांतील चलनांत बदलतां येते. त्यामुळें खेळांतील नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत मांडण्याचा प्रघात पडला आहे. २०१४ च्या जानेवारींत एका सूर्यमालेंत सुमारें २१ तास चाललेल्या लढाईंत ७५ प्रचंड 'टायटन' जहाजें नष्ट झालीं, तेव्हां एकंदर हानि सुमारें तीन लाख डॉलर धरली गेली. इतकें सांगितल्यावर लपण्याच्या विद्येस येथें महत्त्व कां, हें वेगळें सांगावयास नको.

एका सूर्यमालेंतून दुसरींत जाण्यास ठराविक द्वारें आहेत. खेळाडू त्यांस 'गेट' म्हणतात. विश्व अफाट खरें, पण वाटा मोजक्या! सह्याद्रीच्या मुलखांत वाढलेल्या वाचकांस यांतील मर्म सहज उमगेल. १६६१ सालीं उंबरखिंडींत कारतलबखानाच्या फौजेची जी गत झाली, ती फौज लहान म्हणून नव्हे, तर वाट अरुंद म्हणून झाली. खेळांतील लुटारूही तसेंच करतात. अथांग पोकळींत कोणास शोधीत न बसतां द्वारापाशीं दबा धरून राहतात.

प्रत्येक सूर्यमालेस सुरक्षिततेचा एक आंकडा दिलेला आहे. तो ०.५ अथवा अधिक असेल तर 'काँकॉर्ड' नांवाचें पोलीस दल हल्लेखोरास शासन करतें. ०.१ ते ०.४ च्या प्रदेशांत पोलीस येत नाहींत. द्वारांवरील व स्थानकांवरील तोफांचा काय तो धाक. ०.० व त्याखालीं तोही नाहीं. या शेवटच्या प्रदेशांत 'बबल' म्हणजे एक प्रकारचा पिंजरा पसरतां येतो; त्याच्या आंत सांपडलेल्या जहाजास अतिवेगाची झेप घेतां येत नाहीं. हा पिंजरा एका द्वाराकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर पसरला असेल, तर त्या रेषेनें येणारें जहाज द्वारापर्यंत न पोहोंचतां पिंजऱ्यांत ओढलें जातें. म्हणून अनुभवी प्रवासी द्वारावरून थेट द्वारावर कधीं जात नाहीं. तो आधीं बाजूच्या एखाद्या ग्रहाकडे जातो, तेथून पुढील द्वाराजवळ काय आहे हें पाहतो, आणि मग तिरक्या दिशेनें उतरतो. वाट लांबते, वेळ जातो. पण पिंजरा दुसऱ्याच रेषेवर वाट पाहत राहतो.

द्वार ओलांडून गेलेलें जहाज पलीकडे सुमारें एक मिनिट कोणास दिसत नाहीं, मात्र हालचाल केली कीं तें उघडें पडतें. आमच्या मतें साऱ्या खेळांत याहून मोलाचें मिनिट नाहीं. नवखा खेळाडू पलीकडे जातांच समोर चार शत्रू पाहून घाबरतो व पळूं लागतो, आणि त्या पळण्यानेंच दिसतो. जाणता खेळाडू हात आवरून बसतो. शत्रू किती, कोणत्या जातीच्या जहाजांत, किती अंतरावर, पिंजरा आहे कीं नाहीं, हें सारें तो त्या मिनिटांत पाहून घेतो. मग त्याच्यापुढें तीन वाटा असतात: एखाद्या ग्रहाकडे झेप घेणें, उलट द्वाराकडे धांवून आल्या वाटेनें परतणें, अथवा लपण्याचें यंत्र चालू करून हळूच निसटणें. झेप घेण्यापूर्वीं जहाजाचें तोंड त्या दिशेस वळून त्याचा वेग कमालीच्या तीन-चतुर्थांश व्हावा लागतो. चपळ लहान जहाजास हें दोन सेकंदांच्या आंत साधतें, आणि खेळाचा हिशेब सेकंदासेकंदानें चालत असल्यामुळें अशा जहाजावर नेम धरण्यास शत्रूस प्रायः अवसरच मिळत नाहीं. अवजड मालवाहू जहाजाचें वळणें मात्र भरल्या बैलगाडीच्या वळण्यासारखें. त्यानें अनोळखी द्वार ओलांडण्यापूर्वीं एखादा सोबती चपळ जहाजांतून पुढें पाठवावा, हेंच शहाणपण.

याहूनही सोपा उपाय नकाशांत आहे व तोच नवखे विसरतात. कोणत्या सूर्यमालेंत गेल्या तासाभरांत किती जहाजें फुटलीं, हें खेळाचा नकाशाच दाखवितो. जेथें नुकतीं दहा फुटलीं तेथें अकरावें आपलें नेण्याचें कारण काय?

आतां दिसण्याविषयीं. प्रत्येक सूर्यमालेंत हजर असलेल्या खेळाडूंची एक यादी पडद्यावर असते. तिला 'लोकल' म्हणतात. आपण माणूस पाहिला नसला तरी त्याचें नांव दिसतें. आणि अर्थात् आपलेंही त्यास दिसतें. निर्जन प्रदेशांत खाण खणणाराचा एक डोळा सतत या यादीवर असतो. अनोळखी नांव उमटलें कीं तो अवजारें आवरून स्थानकाचा रस्ता धरतो. २०१९ सालीं जुलैपासून सप्टेंबरपर्यंत कंपनीनें ०.० व त्याखालील प्रदेशांतील ही यादी झांकून ठेवली. कोणी बोलला तरच त्याचें नांव दिसे. त्या काळांत खेळणारांची संख्या घटली, व यादी पुन्हा पूर्ववत् करण्यांत आली. २००९ च्या मार्चमध्यें खेळांत आलेल्या 'वर्महोल' म्हणजे कृमिविवरांच्या प्रदेशांत मात्र आजही तशीच स्थिति आहे. तेथें रिकामी यादी पाहून निर्धास्त होणारा बहुधा पहिल्याच आठवड्यांत जहाज गमावतो.

अशा ठिकाणीं आधार एकाच उपकरणाचा, त्याचें नांव 'डी-स्कॅन'. यास चौकीदाराची शिटी न म्हणतां त्याचा कंदील म्हणावें; कारण तो आपण होऊन कांहीं सांगत नाहीं, आपण उचलून धरावा लागतो. त्याचा पल्ला पृथ्वी व सूर्य यांमधील अंतराच्या १४.३ पट, म्हणजे सुमारें २१४ कोटी किलोमीटर आहे. मुलांनीं आपल्या खऱ्या सूर्यमालेचें चित्र डोळ्यांपुढें आणावें: सूर्यापासून हें अंतर शनीच्या पलीकडे जाईल, पण युरेनसपर्यंत पोहोंचणार नाहीं. या पल्ल्यांत कोणत्या जातीचीं जहाजें आहेत हें तो सांगतो. त्याचा कोन ३६० अंशांपासून ५ अंशांपर्यंत आंखडतां येतो. कोन आंखडून एकेका ग्रहाकडे रोखला म्हणजे शत्रू कोणत्या ग्रहापाशीं आहे हें कळतें. भूमितीच्या तासास कोन मोजण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांस हें काम कंटाळ्याविना करतांना पाहून शिक्षकास थोडा मत्सर वाटला तर नवल नाहीं!

डी-स्कॅनमध्यें पाहण्याजोगी मुख्य वस्तु जहाज नव्हे, तर 'प्रोब' होय. ग्रहांपासून दूर, पोकळींत कोठेंतरी दडलेलें जहाज हुडकण्यासाठीं शत्रू चार किंवा अधिक प्रोब सोडतो आणि ते त्याच्याभोंवतीं जुळवून नेमकी जागा काढतो. परंतु हे प्रोब स्वतः डी-स्कॅनवर दिसतात. ते दिसले कीं आपला शोध चालू झाला असें समजावें, व जागा सोडावी. यासाठीं जागाही आधींच करून ठेवावी लागते: एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे झेप घेत असतां मध्येंच ते स्थळ टिपून ठेवलें, तर नकाशावर नसलेला असा एक खासगी मुक्काम तयार होतो. दोन ग्रहांमधील सरळ रेषेवरचा मुक्काम चतुर शत्रू ताडूं शकतो. म्हणून अशा दोन मुक्कामांमधून तिसरा काढावा, म्हणजे तो कोणत्याच रेषेवर नसतो.

लपण्याच्या यंत्रास 'क्लोक' म्हणतात. तें चालू असतां जहाज डोळ्यांस, डी-स्कॅनला वा प्रोबला सांपडत नाहीं, व त्यावर नेमही धरतां येत नाहीं. अदृश्य टोपीची गोष्ट ऐकलेल्या प्रत्येक मुलास असें यंत्र हवेंसें वाटेल. पण येथें फुकट कांहीं नाहीं. लपलेल्या जहाजास शस्त्र चालवितां येत नाहीं. साध्या क्लोकनें वेग मंदावतो व झेप घेतां येत नाहीं. लपूनच झेप घेऊं शकणारें यंत्र कांहीं निवडक जहाजांवरच बसतें. शिवाय कोणत्याही वस्तूपासून २००० मीटरांच्या आंत आलें कीं पडदा फाटतो. हें जाणून लुटारू द्वाराभोंवतीं बारीकसारीक वस्तु मुद्दाम विखरून ठेवतात. 'एलिट डेंजरस' या दुसऱ्या खेळांत लपण्याची किंमत वेगळ्या रीतीनें वसूल होते: जहाज उष्णतेवरून ओळखलें जातें, म्हणून तें उष्णता आंतच कोंडतें, आणि फार वेळ कोंडल्यास स्वतःच भाजून निघतें. आम्हांस ही कल्पना अधिक शास्त्रशुद्ध वाटते. त्या खेळांत एकट्यानें, इतर माणसांविना खेळण्याचीही मुभा आहे; लहान मुलांच्या पालकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

पोलिसांच्या प्रदेशांत तरी निश्चिंत असावें काय? नाहीं. काँकॉर्ड शासन करतें, संरक्षण नव्हे. हल्ला आणि पोलीस यांच्यामध्यें कांहीं सेकंद जातात. लुटारू स्वस्त जहाजांची टोळी घेऊन येतात, तेवढ्या सेकंदांत सावज फोडतात, आपलीं जहाजें पोलिसांच्या हातून खुशाल जाऊं देतात, आणि त्यांचा एक साथीदार माल उचलून नेतो. हा केवळ हिशेब आहे: मालाची किंमत त्या टोळीच्या जहाजांहून बरीच अधिक असेल तरच तो जमतो. जिता ही या विश्वांतील सर्वांत मोठी बाजारपेठ; तिच्या वाटेवर व विशेषतः उएदामा या सूर्यमालेंत असे टोळीवाले जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या वखारी यंत्रानें तपासत बसलेले असतात. यावर उपाय लपण्याचा नाहीं, बेताचा आहे. माल दोन-तीन खेपांत न्यावा, जहाज भक्कम करावें, व जहाज आपोआप चालवून स्वतः चहा पिण्यास जाऊं नये.

एका दब्यापुढें मात्र वरील एकही उपाय चालत नाहीं. २००५ सालीं 'गायडिंग हँड सोशल क्लब' या टोळीनें एका संघांत आपलीं माणसें सुमारें वर्षभर आधीं घुसविलीं. त्यांनीं इमानें कामें केलीं, बढत्या मिळविल्या, कोठाराच्या किल्ल्या हातीं घेतल्या. आणि ठरल्या दिवशीं संघाच्या प्रमुखाचें दुर्मिळ जहाज फोडून सारीं कोठारें रिकामीं केलीं. खेळाच्या नियमांत तें बसत होतें, म्हणून कंपनीनें हस्तक्षेप केला नाहीं. प्रमुखाच्या डी-स्कॅनवर त्या दिवशीं मित्रांचींच जहाजें दिसत असतील. आपण केव्हां, कोठून, काय घेऊन निघणार हें गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसास सांगूं नये, हा नियम जुन्या खेळाडूंस तोंडपाठ असतो. आणि मुलांनीं आपलें खरें नांव, शाळा व पत्ता यांच्या बाबतींत तर तो दुप्पट पाळावा.

पालकांस एक विनंती. जेवणाची हांक मारल्यावर मुलगा 'दोन मिनिटें' म्हणाला तर तें प्रत्येक वेळीं उद्धटपणाचेंच असतें असें नाहीं. पोकळींत जहाज सोडून उठतां येत नाहीं. स्थानकांत शिरावें लागतें, अथवा सुरक्षित निरोपाची कळ दाबून ३० सेकंद थांबावें लागतें. लढाईंत गुंतलेलें जहाज तर संगणक बंद केला तरी कांहीं काळ तेथेंच उभें राहतें. म्हणून हांक पांच मिनिटें आधीं मारावी. त्यानंतर मात्र अर्धा तास लोटला, तर तें जहाजाचें काम नव्हे हें खुशाल समजावें.

या विद्येची सीमा कोठवर जाते हें पाहावयाचें असेल तर 'कातिया साए' या नांवानें खेळणाऱ्या प्रवाशाचें उदाहरण आहे. २००९ सालीं निघून २०१९ सालापर्यंत या प्रवाशानें खेळांतील जाण्याजोग्या ७८०५ सूर्यमाला, पोलिसांच्या, लुटारूंच्या व कृमिविवरांपलीकडच्या, एकूणएक पाहिल्या. आणि इतक्या वर्षांत एकही जहाज गमावलें नाहीं. या पराक्रमाच्या स्मरणार्थ सामिनेर नांवाच्या सूर्यमालेंत कंपनीनें त्या प्रवाशाचा पुतळा उभारला आहे. तो पाहावयास जाणाऱ्यांनीं वाटेंतील द्वारें मात्र जपून ओलांडावीं.