ओटा मोठा केला!

“ताई, हा भंगारात द्या, नवा घ्या,” दुकानदार म्हणाला. मी गप्पच झाले. २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे इकडच्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच करू लागल्या. अशाच एका गावातल्या बायांच्या मजुरीचा हिशेब माझ्या जुन्या लॅपटॉपवर होता. आणि फाईल उघडेपर्यंत चहा उकळून निवायचा! नव्यासाठी पैसे आणायचे कुठून?

शेवटी भाच्याने समजावलं, “मावशी, हार्ड डिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे ओटा. ओटा वीतभर असला की सामान सारखं कपाटात ठेवा, परत काढा. वेळ त्यातच जातो.” हे मात्र चटकन पटलं!

टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं, तर ४ जीबी मेमरी जवळजवळ भरलेली. मैत्रिणींनो, रॅम घेण्याआधी प्रकार नक्की बघा. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, दोघींची खाच वेगळी. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डालाच डाखलेली असते, तिथे इलाज नाही. ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर फायदा नाही.

आधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. लॅपटॉप बंद केला, चार्जर-बॅटरी काढली. पट्टी तिरपी सरकवून दाबली, ‘टक्’ झालं. झाले ८ जीबी!

हिशेब आता झरझर होतो. घरात जुनं भांडं कल्हई करून वापरतोच ना आपण? मग लॅपटॉप टाकण्याआधीही एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?