काठमांडूंतील अखेरचा दिवस

काठमांडूच्या खोऱ्यांत जमीन रोपनीनें मोजतात. एक रोपनी म्हणजे ५,४७६ चौरस फूट. आपला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असल्यामुळें रोपनी जवळजवळ पांच गुंठ्यांची झाली. रोपनीचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे व पैशाचे चार दाम. खालीं तराईंत मात्र बिघा, कठ्ठा व धूर हें माप चालतें आणि तेथील बिघा आपल्या ६७ गुंठ्यांच्या जवळपास भरतो. मालकीच्या दाखल्यास तेथें लालपुर्जा म्हणतात व जमीनमहसुलाच्या कचेरीस मालपोत कार्यालय. पशुपतिनाथाच्या दर्शनास जाऊन अगोदर ही चौकशी करावी, याचें आमच्या सोबत्यांस हंसूं आलें; परंतु ज्याची सारी नोकरी सात-बाराच्या उताऱ्यांत गेली त्याची सवय इतक्या लवकर सुटत नाहीं.

राजूर व भोवतालच्या गांवचे आम्ही अकरा जण सन २०२५ च्या सप्टेंबरांत या यात्रेस गेलों होतों. भाताची लावणी व निंदणी आटोपली होती. कापणीस अवकाश होता. बुधवारीं, ता. १० रोजीं पहांटे सोनौलीस परतण्याची मोटार ठरलेली असल्यामुळें मंगळवार, ता. ९ हा दिवस बाजार व शेवटचें दर्शन यांसाठीं राखून ठेविला होता. शहराची हवा मात्र आदल्या दिवशींच बिघडली होती. ता. ४ रोजीं तेथील सरकारनें २६ समाजमाध्यमें बंद केलीं. त्याविरुद्ध आणि लांचलुचपतीविरुद्ध सोमवारीं तरुण मुलें रस्त्यावर आलीं व त्या एका दिवसांत १९ माणसें प्राणास मुकलीं. रात्रीं बंदी उठविण्यांत आली. पण तोंवर प्रश्न बंदीचा उरला नव्हता.

मंगळवारीं पहांटे पांच वाजतां आम्ही तिघे कालिमाटीचा घाऊक भाजीबाजार पाहण्यास गेलों. शेतकऱ्यानें परमुलखांत देवळाइतकाच बाजारही पाहावा, असें आमचें मत आहे. धादिंग, काभ्रे, चितवन या जिल्ह्यांतील माल तेथें उतरतो. कांद्याच्या गोण्या मात्र आपल्याकडच्या. सन २०२३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थान सरकारनें कांद्याची निर्यात थांबविली तेव्हां येथें भाव कोठवर गेला, तें एका अडत्यानें हात डोक्यावर नेऊन दाखविलें. त्याच दिवसांत आपले लोक लासलगांवच्या लिलावांत भाव कोसळला म्हणून हात चोळीत होते. एकाच हुकुमाचीं हीं दोन टोकें! बोलणें रंगांत आलें असतां त्या गृहस्थानेंच आम्हांस सांगितलें, “साडेआठपासून संचारबंदी आहे. लवकर ठिकाणावर जा.”

धर्मशाळा गौशाला भागांत होती. दुपारीं गच्चीवर गेलों तों नैर्ऋत्येकडे काळा धूर उठलेला. नया बानेश्वर येथील संसदभवन पेटलें होतें. थोड्याच वेळांत त्यापलीकडे आणखी धूर दिसूं लागला. सिंहदरबार पेटला, सर्वोच्च न्यायालय पेटलें, अशा बातम्या येऊं लागल्या. सिंहदरबार हा चंद्र शमशेर राणा यांनीं सन १९०८ सालीं बांधविलेला वाडा. १९७३ सालींही त्याचा मोठा भाग आगीनें गेला होता. बहुतेक मंत्रालयांच्या कचेऱ्या त्याच आवारांत. पंतप्रधान ओली यांनीं राजीनामा दिला व विमानतळ बंद झाला. घरून दूरध्वनीवर दूरध्वनी येत होते. आमच्यांतील एक वृद्ध बाई देवापुढें बसून राहिल्या, त्या उठेनातच.

गच्चीवर धर्मशाळेचा तरुण व्यवस्थापकही उभा होता. सकाळपासून सर्वांना धीर देणारा हा माणूस न्यायालयाचें नांव ऐकतांच मटकन् खालीं बसला. भावाभावांतील वांटणीचा, ज्यास तिकडे अंशबंडा म्हणतात, त्याचा दावा तेथें पडून होता. बारा रोपनी भाताची जमीन. म्हणजे आपल्या हिशेबानें दीड एकर. बाप वारला, निकाल लागला नाहीं.

“बाबूजी, कागदच जळला तर माझी जमीन कोठें राहिली?” त्यानें विचारलें.

मीं म्हटलें, “भाई, जमीन जेथल्या तेथें आहे. खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल कोणाजवळ आहे?”

तें त्यास ठाऊक नव्हतें. वकिलाकडे असावी, म्हणाला. तेव्हां खालीं धूर व आरडाओरड चालू असतां आम्हीं त्याच्या वहींत टिपण करूं लागलों: लालपुर्जा कोणाच्या नांवें, मालपोत भरल्याच्या पावत्या कोठें, चतुःसीमेचे शेजारी कोण व त्यांपैकीं हयात किती. मुलांच्या संतापाचें कारण खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु दप्तर जळतें तेव्हां धनवानाचें फारसें अडत नाहीं. अडतें तें याच्यासारख्याचें. आपल्याकडेही २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाला आग लागून असंख्य फायली नष्ट झाल्या. सात-बारा आतां संगणकावर डिजिटल सहीनिशीं मिळतो, तेवढें बरें. पण जुने फेरफार, फाळणीचा नकाशा, खरेदीखत व निकालपत्र यांच्या शिक्क्याच्या नकला वाचकांपैकीं किती जणांच्या घरीं आहेत? आणि ज्यांच्या आहेत त्यांनीं मूळ कागद व नक्कल एकाच पेटींत ठेविलेली असते, हें मीं चावडींत पुष्कळदां पाहिलें आहे.

रात्रीं दहा वाजतां लष्करानें बंदोबस्त हातीं घेतला. दुसऱ्या दिवशींची मोटार अर्थातच आली नाहीं. पुढील तीन दिवस डाळभातावर काढले. पैसे कोणी मागितले नाहींत. शुक्रवारीं, ता. १२ रोजीं माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधि झाला. नेपाळांत त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. एकूण मृतांची संख्या सत्तरावर गेली.

शनिवारीं दिवसाची संचारबंदी उठली व आम्हांस मोटार मिळाली. व्यवस्थापक तत्पूर्वींच वकिलाच्या घरीं जाऊन आला होता. त्यानें पिशवींतून निकालाची नक्कल काढून माझ्यापुढें धरली. मीं ती उजेडाकडे धरून पाहिली. शिक्का स्पष्ट होता, तारीख होती, सही होती. पानें मात्र सातांपैकीं सहाच होतीं, आणि जें नव्हतें तें चतुःसीमेचें.